पाटाची रुंदी

“पोरगी ब्रॉड आहे म्हणाले,” गुंडामामानं बशीतला चहा फुंकत सांगितलं.

आई चुलीपुढं बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. “म्हंजे?”

“म्हंजे ब्रॉड.”

“आरं पण चांगलं का वाईट?”

गुंडामामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. आमच्या सगळ्या गोतात स्थळं जुळवायचं काम त्याच्याकडं. धोतर पांढरंशुभ्र, खिशाला पेन, आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर आहेच असा चेहरा. त्यानं जरा विचार केला.

“मुलगा सातारच्या कंपनीत ड्रॉइंगं काढतो आक्का. त्यानं विंग्रजीत सांगितलं म्हंजे चांगलंच असणार. वाईट सांगायचं असलं की माणूस आपल्या भाषेत सांगतो.”

“तू इचारलं न्हाईस व्हय?”

“येष्टी सुटत हुती. आन् इचारून आडाणी ठरू काय पाव्हण्यांपुढं?”

आईला ते पटलं. तिनं मामाला आणखी अर्धा कप चहा दिला, आणि मी आतल्या खोलीत जाऊन माझा शब्दकोश काढला.

या शब्दकोशाबद्दल सांगायला पाहिजे. माझी शाळा नववीला सुटली. पुढचं शिक्षण मी स्वतःच स्वतःला दिलं, त्यामुळं मास्तरीण आणि विद्यार्थिनी दोघीही सारख्याच कच्च्या. शाळेनं रद्दीत काढलेला एक शब्दकोश मी मागून आणला होता. पुठ्ठा गेलेला, शेवटची अक्षरं उंदरांनी खाल्लेली. पण ‘बी’ शाबूत होतं.

ब्रॉड : रुंद, प्रशस्त, विस्तीर्ण.

खाली वापरून दाखवलं होतं. ब्रॉड रोड म्हणजे रुंद रस्ता. ब्रॉड रिव्हर म्हणजे विस्तीर्ण नदी. ब्रॉड चेस्ट म्हणजे भरदार छाती, ती पुरुषाची. ब्रॉड डेलाइट म्हणजे भरदिवसा. त्या भाषेत दिवससुद्धा रुंद असतो म्हणे. रस्ता, नदी, दिवस, पुरुषाची छाती, सगळ्यांची त्या एका शब्दानं शोभा वाढत होती. मुलीचं उदाहरण कुठं दिलेलं नव्हतं. ते सातारच्या मुलानं दिलं.

मी आरशापुढं गेले. आमचा आरसा दाढीचा, वीतभर. त्यात मी एका वेळी अर्धीच मावायची. त्या दिवशी मला वाटलं, चूक आरशाची नसावी.

मला आईला लगेच सांगता आलं नाही. आणि तेवढ्यात ती पिठाच्या गिरणीत जाऊन आली. गिरणीत दळण टाकून बसलेल्या बायकांना तिनं सांगितलं, “आमच्या शालनला ब्रॉड म्हणाले पाव्हणं.” मग ओढ्यावर धुणं धुताना सांगितलं. मग हळदीकुंकवाला गेली, तिथं सांगितलं. गुरवाच्या काकूंनी विचारलं, “म्हंजे काय गं?” तर आई म्हणाली, “कंपनीत ड्रॉइंगं काढणाऱ्यांचा शब्द हाय त्यो.” मी शेजारी उभी होते.

पुढच्या आठवड्यात नकार आला. मामानंच आणला. या वेळी चहा न फुंकता घटाघटा प्याला.

“पण ब्रॉड म्हणालं हुतं की!” आई म्हणाली.

“म्हणून तर न्हाई म्हणालं.”

मग मला सांगावंच लागलं. “रुंद म्हणतात त्याला आई.”

आईला आधी कळेचना. मग तिचा चेहरा तापत गेला. “रुंद? माझी पोर काय गाडीवाट हाय?” आणि ज्या ज्या बाईला तिनं तो शब्द सांगितला होता, त्या सगळ्या एकेक करून तिच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात, कारण तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं.

आण्णा दारात उभे होते. माझे वडील, ज्ञानू सुतार. हातात रंधा, कपाळाला भुसा. ‘रुंद’ हा त्यांचा रोजचा शब्द. चौकट किती रुंद, फळी किती रुंद, बैलगाडीच्या तळाची साटी किती रुंद. त्यांनी तो ऐकला, माझ्याकडं एकदा बघितलं, खांद्यांकडं बघितलं, आणि कामाच्या छपरात निघून गेले.

खरं तर मी लठ्ठ नव्हते. लठ्ठ असते तर लोकांनी ‘जाड’ म्हटलं असतं आणि आईनं चार शिव्या देऊन हिशेब मिटवला असता. माझी कंबर बेताची होती. रुंद होते ते खांदे. पोलक्याचं माप घेताना शिंपीण म्हणायची, “बाई, तुझ्या पाठीला तुझ्या आईच्या दोन पोलक्यांचं कापड लागतं.” मागून कुणी बघितलं तर दादा म्हणून हाक मारेल अशी पाठ. ‘ब्रॉड’ हा त्यासाठी फार सोयीचा शब्द आहे हे मला पुढं कळलं. तो वापरला की स्थळही मोडतं आणि कुणी कुणाला वाईट बोललं असंही होत नाही.

पुढचं स्थळ कराडच्या बाजूचं. आमच्याच जातीतले, पण हत्यारं सोडून शेतीला लागलेले. ऊस, दोन औतं, दावणीला म्हसरं. मुलाचं नाव उत्तम. मामानं बजावून सांगितलं होतं, “ह्ये हातचं गेलं तर मला पुन्हा बोलवू नका दाजी. आन् निर्मलाचं काय करायचं त्येचा इचार करा.”

निर्मला माझी धाकटी बहीण. ती वेतासारखी. तिला वाठारच्या एका मास्तरांच्या मुलानं जत्रेत बघून मागणी घातली होती. पण थोरली घरात असताना धाकटीचं कसं करायचं? ते लोक दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले होते. त्यामुळं माझ्या खांद्यांवर नुसते माझे खांदे नव्हते, बहिणीचं लग्नही होतं. निर्मला मला काही बोलायची नाही. फक्त माझ्या केसांना फार जपून तेल लावायची, आणि त्यानं मला जास्त लाज वाटायची.

पाहुणे यायच्या आधी काही दिवस आण्णा छपरात एकटेच काहीतरी करत होते. मी गेले की गोणपाट टाकायचे वर. गाडीच्या चाकाचं काम खोळंबलं होतं, गिऱ्हाईक दोनदा येऊन ओरडून गेलं, तरी ते तेच करत बसले. मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली.

“शालन, जरा बस ह्येच्यावर.”

गोणपाटाखाली पाट होता. नवा, सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं. असा पाट आमच्या घरात कधी नव्हता. सुताराच्या घरात चांगलं लाकूड राहत नाही, विकलं जातं. मी हरखून त्यावर बसले. आण्णा मागं मागं सरकत दारापर्यंत गेले आणि एक डोळा बारीक करून माझ्याकडं बघू लागले. चौकट ओळंब्यात आहे का ते बघताना ते असंच करायचे.

“हां,” ते म्हणाले. “बराबर.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दोन्ही बाजूंना हात टेकले तर बोटांपुढं अजून लाकूड उरत होतं. पाट नेहमीपेक्षा वीतभर जास्त रुंद होता. पण नुसता रुंद केला असता तर कुणालाही कळलं असतं. आण्णांनी सगळंच त्या पटीत वाढवलं होतं. जाडी, पाय, कोपऱ्याची गोलाई, पितळी फुलंसुद्धा. एकटा ठेवला तर तो अगदी नेहमीच्या पाटासारखा दिसे, आणि त्यावर बसलेली मुलगी तेवढी लहान.

“आईला सांगू नगंस,” ते म्हणाले. “तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई.”

“आण्णा, हे कशाला?”

“बघणाऱ्याची नजर पाटावरनं माप घेती. पाट केवढा हाय ह्ये नजरंला काय म्हायती?” ते हसल्यासारखं करून म्हणाले. मग हसू पुरलं नाही म्हणून वळून लाकडाचे तुकडे गोळा करायला लागले.

मला तिथून उठता येईना. माझ्या बापानं उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला बोटभर माप चुकवलं नव्हतं. वखारीतल्या माणसांशी भांडून सरळ रेघ मागणारा माणूस. त्यानं माझ्यासाठी लबाडी केली होती, आणि तीसुद्धा किती मन लावून! पितळी फुलांना घासून घासून सोन्यासारखं केलं होतं. मी त्या फुलांकडं बघत राहिले आणि मला वाटलं, मी जरा कमी जन्मले असते तर बरं झालं असतं.

पाहुणे येणार त्या दिवशी आण्णांनी घरातले सगळे जुने पाट माळ्यावर टाकले. दोन पाट शेजारीशेजारी दिसले की बिंग फुटणार हे त्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांसाठी पुढच्या सोप्यात सतरंजी. भिंतीकडेला मधोमध तो नवा पाट. फक्त चुलीपुढं आई भाकरी थापायला बसायची ती एक काळी फळकुटी राहिली, तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

ते तिघं आले. उत्तम, त्याची आई आणि त्याचा मामा. आण्णा अंगणात पाय धुवायला पाणी देत होते. मी आतल्या दाराच्या फटीतून बघत होते. उत्तमची आई आधी सोप्यात आली. लहानखुरी, वाळलेली बाई, नाकात नथ तिच्यापेक्षा मोठी. ती सतरंजीच्या कडेला टेकणार, तेवढ्यात गुंडामामा आत शिरला.

“आरं देवा! ईणबाई खाली? आन् पाट रिकामा?” असं म्हणत त्यानं नवा पाट उचलला. “वजनदार हाय की! घ्या, घ्या, असं ऐसपैस बसा.”

आणि त्यानं आमचा पाट उत्तमच्या आईला दिला.

मी फटीतून हात हलवला. त्याला दिसला नाही. दिसला असता तरी त्याला काय कळणार होतं? नवा पाट घरात असताना पाहुणीला जमिनीवर बसवायचं, हे आमच्यात कुणालाच सुचलं नसतं. फक्त आण्णांना आणि मला सुचलं होतं, कारण आमच्या मनात पाप होतं.

“आई, पाट,” मी आत वळून म्हणाले.

“व्हय गं, तुला न्हाई ऱ्हायला,” असं म्हणून आईनं चुलीपुढची काळी फळकुटी उचलली, पदरानं पीठ झटकलं आणि सोप्यात नेऊन ठेवली. बरोबर उत्तमच्या आईच्या समोर.

मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले. ताट ठेवलं, वाकून नमस्कार केला, आणि बसले. बसले म्हणजे काय, त्या फळकुटीचा मधला भाग माझ्या वाट्याला आला, कडा कुठं गेल्या ते कळलं नाही. समोर ती बाई पाटावर देवघरातल्या बाळकृष्णासारखी दिसत होती. तिच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक माणूस बसलं असतं. आण्णा पाय पुसत दारात आले, त्यांची नजर आधी तिच्यावर गेली, मग माझ्यावर आली, आणि ते उंबऱ्यावरच थांबले.

“नाव काय?” मामानं विचारलं. उत्तमच्या मामानं.

“शालन.”

“शाळा?”

“नववी. पण वाचते.”

“वाचून काय करतीस?”

“वाचते,” मी म्हणाले. गुंडामामा जोरात हसला, कुणी तरी हसायला हवं म्हणून. उत्तम पोह्यातल्या मिरच्या बाजूला काढत होता. त्यानं माझ्याकडं बघितलंच नव्हतं असं नाही. एकदा बघितलं होतं आणि मग मिरच्या शोधायला लागला होता.

उत्तमच्या आईनं पाटाच्या दोन्ही कडांना हात लावायचा प्रयत्न केला. पोचेना. ती गंमत वाटून म्हणाली, “लई प्रशस्त पाट हाय वं तुमचा. मी तर हरवलेच ह्येच्यात.”

तिच्या भावानं मग त्या पाटाकडं नीट बघितलं. मग माझ्या फळकुटीकडं. मग परत पाटाकडं. त्याच्या मिशीखाली हसू सरकायला लागलं.

“पाव्हणं,” तो आण्णांना म्हणाला, “सुताराच्या घरात माप चुकलं का काय?”

“चुकलं असंल, चुकलं असंल!” गुंडामामा घाईनं म्हणाला. त्याला काय झालंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झाकायला पाहिजे एवढं कळलं होतं. “दाजींचं वय झालं आता. व्हय का न्हाई दाजी? माप चुकलं.”

आण्णांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. एक ‘व्हय’ म्हटलं असतं तर सगळे हसले असते, पोहे संपले असते. मी मनात म्हणत होते, व्हय म्हणा आण्णा, व्हय म्हणा.

“माप चुकलं न्हाई,” आण्णा म्हणाले.

त्यांनी पाटाकडं बोट केलं.

“त्यो पाट पोरीसाठी हुता. ती त्येच्यावर बसल्यावर बारीक दिसावी, म्हणून केलाय.”

आईच्या हातातलं पाण्याचं तांब्याचं भांडं ताटावर आपटलं. उत्तमच्या मामानं मांडीवर थाप मारली आणि हसला.

“आरं तिच्या! पाट रुंदावला म्हंजे पोरगी अरुंद हुती व्हय? मग आमच्या उत्तमाला उंच चौरंग करा, म्हंजे त्यो बुटका दिसायचा न्हाई!”

उत्तमचे कान लाल झाले. त्याला माझ्याइतकीच लाज वाटत असावी, पण त्या वेळी माझ्याकडं दुसऱ्याच्या लाजेला जागा नव्हती.

“हसू नगा,” आण्णा म्हणाले. ते अजून उंबऱ्यावरच उभे होते आणि त्यांनी दोन्ही हात पुढं धरले होते, जोडलेलेही नाहीत आणि सुटेही नाहीत. “तिची खोट न्हाई ही. ह्ये खांदे जन्माचं न्हाईत. मला पोरगा न्हाई. बाभळीचा वंडका फाडायचा तर मोठ्या करवतीला दोन टोकांना दोघं लागत्यात. गडी लावायची ऐपत नव्हती. म्हणून हिला लावली. बारकी हुती, परकर खोचून हुबी ऱ्हायची. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ही. इतकी वर्सं वढली. त्येनं खांदे असं झालं. आता दोष द्यायचा तर मला द्या. हात जोडतो.”

आणि त्यांनी हात जोडले.

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे करवत ओढत होते ते माहीत होतं, माझ्या तळव्यांना माहीत होतं. पण आण्णा मनात असा हिशेब धरून बसलेत, रोज माझ्या पाठीकडं बघून स्वतःलाच दोष देतायत, हे माहीत नव्हतं. मला तर करवत आवडायची. ओढ आणि सोड. आपण ओढायचं तेव्हा समोरच्यानं सोडायचं. त्यात बोलावं लागत नाही. बाप आणि मुलगी बोलणार तरी काय? दिवसभर त्या करवतीवरच आमचं काय ते बोलणं व्हायचं. आणि आज तीच गोष्ट ते पाहुण्यांपुढं माझं व्यंग म्हणून सांगत होते. मी त्या फळकुटीवर बसून जमिनीतल्या शेणाच्या सारवणाकडं बघत राहिले. सारवण मीच केलं होतं. बोटांचे फराटे चांगले उठले होते.

उत्तमची आई उठली. तिला त्या पाटावरून उठायला जरा वेळ लागला. ती माझ्याजवळ आली.

“उठ गं बाई.”

मी उठले. तिनं माझा दंड धरला. मग खांद्यावर हात ठेवून दाबला, एकीकडं, मग दुसरीकडं. मला मागं वळवलं, पाठीवरून हात फिरवला. हात खरखरीत होता, पण वाईट नव्हता. कामाचा होता.

“करवत वढती म्हंता?”

“व्हय,” आण्णा म्हणाले.

“रोज?”

“लागंल तवा.”

“मग वैरणीचा भारा काय, हिच्या हातचा मळ.” ती भावाकडं वळली. “आमच्यात बायामाणसाचंच वांदं हाय. थोरली सून आणली, तिला घागर उचलंना. म्हसरांची धार, गुऱ्हाळ लागलं की गड्यांच्या भाकरी. कोण करणार? अशीच पायजे.” तिनं माझ्या पाठीवर एक थाप मारली. “चालंल. पसंत हाय आमाला.”

“पसंत!” गुंडामामा ओरडला. “आक्का, साखर आण! साखर!”

आई आत धावली. डबा पाडल्याचा आवाज आला. निर्मला दाराआड होती, तिनं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. मी खाली बघितलं. उत्तमच्या मामानं मांडी बदलली आणि आता खरेदीच्या बोलणीला बसतात तसा बसला.

“न्हाई,” आण्णा म्हणाले.

“काय न्हाई?”

“पोरगी द्यायची न्हाई.”

आई साखरेची वाटी घेऊन दारात आली होती. ती तशीच उभी राहिली. उत्तमच्या मामानं आधी बहिणीकडं बघितलं, मग आण्णांकडं.

“पाव्हणं, आताच हात जोडत हुता न्हवं?”

“जोडत हुतो. चुकलं माझं. पोहे खा. पोहे खाऊन जावा.”

“आरं, आमी पसंत केली! असल्या पोरीला...”

“आयकलं मी,” आण्णा म्हणाले. “पसंत कशासाठी केली, त्येबी आयकलं. मी पोरगी दावायला बसवली हुती, गडी न्हाई.”

उत्तमच्या आईला राग आला नव्हता, ती खरंच गोंधळली होती. तिच्या दृष्टीनं तिनं मला चांगलं म्हटलं होतं. मला अजून वाटतं, म्हटलंही होतं. जाताना तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “बाप येडा हाय तुझा.” उत्तम सगळ्यात शेवटी उठला, चप्पल घालताना अडखळला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “पोहे चांगले झाले होते.”

त्यानंतर घरात जे झालं ते आईच्या तोंडून ऐकण्यासारखं होतं. “पसंत केली हुती वं त्यांनी! पसंत!” ती त्या एका शब्दावरून हलेचना. “सातारकरानं ब्रॉड म्हटलं तवा गप बसला. आन् एका बाईनं चालंल म्हटलं, तर लागला मानपान बघायला! ल्हान पोरीचं काय? ती काय जलमभर तेल लावत बसंल थोरलीला?” गुंडामामा तर दाराबाहेरूनच म्हणाला, “दाजी, माझं पाय आता हिकडं लागायचं न्हाईत.” पुढं लागले, पण दोन वर्षांनी.

निर्मलाचं लग्न आधी झालं. गावानं तोंडं वाकडी केली, मग जेवायला आलं. माझं बऱ्याच उशिरा झालं, आणि त्यात कुणी कुणाला पाटावर बसवून बघितलं नाही. त्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही.

पण त्या दुपारी हे काहीच ठरलेलं नव्हतं. आई रडत होती आणि निर्मला पोह्यांची ताटं घासत होती, फार जोरात घासत होती. मी चहा घेऊन छपरात गेले. आण्णा ओंडक्यावर बसले होते. हातात काही हत्यार नव्हतं. ते असे रिकाम्या हातांनी बसलेले मी कधी बघितले नव्हते.

मी चहा त्यांच्या जवळ ठेवला.

“आण्णा, दिली असती तरी चाललं असतं,” मी म्हणाले. “काम काय, मी इथंबी करते. तुम्ही माझ्यासाठी लोकांपुढं हात जोडले, मग जमलं होतं ते मोडलं कशाला? त्या बाईनं खांदा चाचपला म्हणून? तेवढ्यावरनं?”

“चाचपला तवा मला काय वाटलं न्हाई,” आण्णा म्हणाले. “खोटं कशाला सांगू. मला वाटलं, बघू दे, दाबून बघू दे, एकदाचं हुईल. बाजारात मीबी असंच करतो.”

“मग?”

चहावर साय धरली.

“ती चालंल म्हणाली,” ते म्हणाले, “आन् तू हसलीस.”

मला वाटलं होतं ते कुणी बघितलं नाही. मी खाली मान घातली होती. पण खरं होतं ते. त्या बाईनं माझ्या पाठीवर थाप मारली, चालंल म्हणाली, आणि माझ्या आत काहीतरी लख्ख झालं. भाऱ्यासाठी का होईना, घागरीसाठी का होईना, कुणाला तरी मी पुरत होते, जास्त होत नव्हते. दावणीच्या बैलाच्या पाठीवर धनी हात मारतो, तेव्हा बैल जशी कातडी थरथरवतो ना, तशी मी आनंदले होते. आणि ते माझ्या बापानं उंबऱ्यावरून बघितलं होतं.

“लहानपणापास्नं तुझं हसू बघतोय,” ते म्हणाले. “तसलं कवा बघितलं न्हवतं. कुणी पोळीचा तुकडा टाकल्यावानी. तवा मला कळलं, मी तुझं काय करून ठेवलंय ते. खांद्याचं न्हाई म्हणत मी.”

माझा चेहरा पेटला होता. मी पदर दोन्ही खांद्यांवरून पुढं ओढून घट्ट लपेटून घेतला.

“नगं झाकूस,” आण्णा म्हणाले. आणि त्यांनीच तोंड फिरवून घेतलं.